खंडेनवमीला अडकलेली पिन

‘गिअर पडत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्याला आधी क्लचच्या पेडलखाली वाकून बघायला सांगतो. माणसाला वाटतं, मी चेष्टा करतोय. पण आमच्या जळकोटच्या रस्त्यानं उमरग्याकडून, कर्नाटकातून तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ, आणि परतीच्या गाडीत देवीचा एक तरी नारळ असतोच. सीटखाली ठेवलेला नारळ उतारावर गडगडत पुढं येतो आणि पेडलखाली जाऊन बसतो. मग क्लच अर्धाच दबतो आणि गिअर करकरतो. एक कुटुंब तर दुसरीकडून ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं ऐकून रडवेल्या तोंडानं माझ्याकडं आलं होतं. मी वाकलो, नारळ काढला आणि त्या गृहस्थांच्या हातात दिला. ते ओशाळले. त्यांच्या बायकोनं तो नारळ माझ्या गॅरेजच्या पायरीवर फोडला, अर्धी वाटी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “दादा, ह्येच तुमची मजुरी. देवीनंच ठरवून ठेवलीया.”

अशी गिऱ्हाइकं रोज भेटत नाहीत. खव्याच्या पराती वाहून आणणारा एक माणूस यायचा. त्याच्या गाडीचं काम केलं की दोन दिवस हाताला दुधाचा वास यायचा. दुसरे एक काका ब्रेक घासले असतानाही आधी हॉर्न दुरुस्त करून घ्यायचे. “ब्रेक आपल्या हातात हाय, समोरचा माणूस न्हाई,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मी मूळचा इथलाच. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. सुट्टीत चार पैसे मिळावेत म्हणून हायवेवरच्या मकबूल उस्तादांच्या गॅरेजात जाऊन बसायचो, तो तिथंच राहिलो. उस्तादांचे गुडघे थकल्यावर गॅरेज माझ्याकडं आलं. पदवीचा कागद काच लावून कॉम्प्रेसरच्या वर टांगलाय. काचेवर ग्रीसची बोटं उठलेली आहेत. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, ‘बीएस्सी’ म्हणतात. आधी राग यायचा, आता नाही. वडिलांना मात्र मी कचेरीत पंख्याखाली बसलेला बघायचा होता. गॅरेजात पंखा बसवला तोवर ते राहिले नव्हते. तेवढी एक रुखरुख आहे.

बाकी या धंद्यानं मला पुष्कळ दिलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मोठमोठी इंजिनं उतरवल्याच्या गोष्टी आठवल्या. पण लिहावीशी वाटली ती एका पिनेची गोष्ट. ती पिन माझ्या करंगळीहून बारीक होती.

ज्यांनी गाडीच्या पोटाखाली कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिअरचा दांडा दोन सीटांच्या मध्ये असतो आणि गिअरबॉक्स पुढं बॉनेटखाली. दांडा हलवला की ती हालचाल पुढं पोचवायला मधे एक लोखंडी सळई असते. नव्या गाड्यांत आता तारा असतात, जुन्या गाड्यांत सळईच. सळईचं टोक गिअरबॉक्सच्या काट्यात बसतं आणि दोघांना जोडून ठेवते ती पिन. दाराच्या बिजागरीत खिळा असतो, तसंच हे. खिळा निसटला तर दार हातात येईल आणि खिळा जाम झाला तर दार उघडणार नाही. पिनेनं जागा सोडायची नाही, पण जोडाला वळूही द्यायचं, असं तिचं काम.

आता खंडेनवमीचं सांगतो. उस्ताद हा धंदा नळदुर्गच्या एका लोहाराच्या हाताखाली शिकले. त्या लोहाराची रीत अशी, की खंडेनवमीला सगळी हत्यारं डिझेलनं धुवायची, पुसायची, धुतलेल्या चादरीवर लहानमोठ्या मापानं लावायची आणि त्यांची पूजा करायची. मग दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. उस्ताद पाच वेळचे नमाजी. पण आपल्या गुरूची ही रीत त्यांनी एक वर्षही चुकवली नाही. हत्यारं स्वतः लावायचे आणि हळदीकुंकू, झेंडूची फुलं माझ्याकडून वाहून घ्यायचे. एकदा कुणीतरी त्यांना याबद्दल टोकलं. तेव्हा उस्ताद म्हणाले, “सालभर ह्येंच्या डोस्क्यात हाणतंय मी. एक दिन आराम दिला तर तुझं काय जातंय रे?”

गॅरेज माझ्याकडं आल्यावरही ती रीत तशीच चालली. उस्ताद गॅरेजच्या मागंच राहतात. ज्या खंडेनवमीची ही गोष्ट, त्या दिवशीही ते सकाळीच येऊन हत्यारं लावून गेले होते.

त्या खंडेनवमीला दुपार व्हायच्या आत एक जुनी पांढरी गाडी घरघरत, बैलगाडीच्या चालीनं हायवेच्या कडेकडेनं आली. आवाजावरून कळत होतं, दुसऱ्या गिअरमध्ये चाललीय. मागं ‘एल’ चिकटवलेलं. गाडी चालवत होता मल्लिनाथ. अणदूरजवळच्या खेड्यातला, घरी कानडी-मराठी दोन्ही बोलणारा, पंचविशीचा पोरगा. शेजारी त्याचा मामा होता, तामलवाडीचा वेल्डर. मागच्या सीटवर आई, गंगव्वा. तिला तो ‘अव्वा’ म्हणतो, म्हणून आम्हीही अव्वाच म्हणतो.

मल्लिनाथचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. क्लच डाव्या पायाचा, म्हणून त्यानं क्लच हातानं दाबता येईल अशी मूठ गिअरच्या दांड्यावर बसवून घेतली होती. तालुक्याला कॉलेजच्या ग्रंथालयात त्याला नोकरी लागली होती आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. तोवर लायसन हवं. कारण एसटीच्या पायऱ्या त्याला एकट्याला चढता येत नव्हत्या. शाळेपासून कॉलेजपर्यंत त्याच्याबरोबर अव्वा असायची. चढताना मागून आधार द्यायची, पिशवी धरायची आणि कॉलेज सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायची. आता तिचेच गुडघे साथ देत नव्हते.

“परवा धाराशिवला टेस्ट हाय,” मल्लिनाथ गाडीतूनच म्हणाला. “माझ्यासारख्याची टेस्ट ह्याच गाडीवर घेतेत. ही हुकली तर पुढची तारीख कवा मिळंल, सांगता येत न्हाई. आन् गाडीला रिव्हर्सच पडंना.”

“रिव्हर्सच की आणखी काही?”

“पैला आन् दुसरा पडतोय. बाकी दांडा बाजूला सरकतच न्हाई.”

“कधीपासून?”

मल्लिनाथनं मामाकडं पाहिलं. मामा रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांकडं बघत होते.

गाडी खड्ड्यावर घेतली. खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून गॅरेजात खणलेला चर. खाली उतरून बॅटरी मारली आणि मला सगळं दिसलं. काट्यातल्या पिनेला खालून वेल्डिंगचा चांगला सुपारीएवढा टाका मारलेला होता. पिन, काटा आणि सळईचं टोक, तिन्ही मिळून एक लोखंड झालं होतं.

“मामा, हे तुमचं काम?” मी खालूनच विचारलं.

“व्हय,” मामा वाकून म्हणाले. “पिन सारखी पडायलती. पोरगं रस्त्यात अडकंल म्हणून म्या पक्की केली. ट्रॉलीच्या फाळक्याची साखळी असतीय का न्हाई? तिची पिन म्या अशीच टाका मारून देतो. आजवर एक पिन वापस आली न्हाई.”

“साखळीला वळावं लागत नाही, मामा. हिला वळावं लागतं.”

“मंग आता काढा की. हातोडी घ्या आन् हाणा.”

मी खड्ड्यातून वर आलो आणि त्यांना आतल्या बाजूला भिंतीलगत अंथरलेली चादर दाखवली. पाने, पकडी, हातोड्या, कानशी, ग्राइंडर, गॅसची नळी, सगळं मांडलेलं, कुंकू लावलेलं आणि फुलांनी झाकलेलं होतं. मामांनी आपोआप हात जोडले. त्यांच्या वर्कशॉपातही तेच होतं. त्या दिवशी आसपासच्या गावांत कुणाचंच हत्यार मोकळं नव्हतं.

मी उस्तादांना हाक मारली. ते काठी टेकत आले, मल्लिनाथची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “उचल हातोडी. जिसका काम अडक्या, उसके वास्ते उचलनेकू काय हरकत न्हाई. माझे उस्ताद असते तर त्येंनी बी उचलली असती.”

मला हायसं वाटलं. मी चादरीकडं वळलो, तोच मागून आवाज आला.

“नगं.”

अव्वा गाडीतून उतरून उभी होती.

“देवापुढलं उचलू नगा. माझ्या पोराची परवा परीक्षा हाय.”

“अव्वा, तुझ्या पोरासाठीच उचलायलेत ते!” मल्लिनाथ म्हणाला.

“म्हणूनच नगं. दुसऱ्या कुणासाठी असतं तर म्या बोलले नसते.”

“परवा सायब रिव्हर्स मागंल, तवा त्येला काय दाखवू? हळदीकुंकू?”

“तू गप. उस्ताद, तुमी म्हणताव ते खरं असंल. पण माझं मन घेत न्हाई.”

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसले. नमाजी माणूस पूजेतली हातोडी उचल म्हणतोय आणि जिचं काम अडलंय ती नको म्हणतेय. अशा वेळी पदवीचा उपयोग होत नाही. मी विचार केला, परवा हीच बाई मागच्या सीटवर बसून धाराशिवला जाणार. मनात शंका घेऊन बसली तर प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला हिचा जीव वरखाली होणार आणि पोरगं आरशात सारखं हिचं तोंड बघणार. टेस्टला जाताना त्याच्या डोक्यावर हे ओझं कशाला?

“ठीक आहे अव्वा,” मी म्हणालो. “चादरीवरचं काही उचलत नाही. पण जे चादरीवर नाही, ते चालेल ना?”

अव्वानं विचार केला. “म्हंजे काय काय?”

“कपाटात हॅक्सॉची नवी ब्लेडं आहेत. अजून कागदातून बाहेर निघाली नाहीत.”

“त्येनला कुंकू लागलं न्हाई?”

“नाही.”

“मंग चालतंय.”

“नवं पातं म्हंजे बिनबारशाचं पोरगं,” उस्ताद म्हणाले. “त्येला कसला उपास?”

ग्राइंडरनं तो टाका चहा उकळेपर्यंत गेला असता. अर्थात, त्या जागी ग्राइंडर चालवायला मी असाही घाबरलो असतो. वर रबरी टोपी, बाजूनं पेट्रोलची नळी, आणि ठिणगीला डोळे नसतात. ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून मी ते मामांच्या हातात दिलं.

“मी?” मामा म्हणाले.

“टाका कुणाचा?” मल्लिनाथ म्हणाला.

मामा निमूटपणे खड्ड्यात उतरले. त्यांच्या वेल्डिंगला मी नावं ठेवणार नाही. टाका फार मजबूत होता. मामा कापत होते, घाम पुसत होते आणि मधूनच म्हणत होते, “काय पक्कं काम केलं होतं बघा म्या.” अव्वा वरून म्हणायची, “आता गुमान काप.” ब्लेड तुटायचं, मी नवं द्यायचो. शेवटी टाक्याचा गोळा खाली पडला. मामांनी तो उचलून खिशात घातला. कशाला, ते मी विचारलं नाही.

टाका गेला तरी पिन मात्र हलली नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतलं ग्रीस जळून गेलं होतं आणि वर चिखलपाण्याचा गंज चढला होता. एरवी मी काय केलं असतं, ते सांगतो. सुंबा लावला असता, म्हणजे पिनेच्या मापाची पोलादी दांडी टेकवली असती, आणि हातोडीचे घाव घातले असते. माझ्या हाताला तीच सवय. पण त्या पिनेच्या मागं लगेच गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दांडा असतो. घाव जोरात बसला तर तो वाकतो, आणि तो वाकला की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. भरभक्कम लोखंडाचा ठेका मागून द्यावा लागतो, तरी धाकधूक असतेच. त्या दिवशी हातोडीच नव्हती, म्हणून मला घाव न घालता पिन ढकलायची वाट शोधावी लागली.

मी म्हणालो, “उस्ताद, दाबून काढायची तर स्क्रूचा शिकंजा पाहिजे. लहान, पण दणकट. आपले दोन्ही चादरीवर आहेत.”

उस्तादांनी डोळे बारीक केले. “तुझ्या चाचीच्या शेवयाच्या मशीनला हाय की.”

उस्तादांच्या घरी ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया आजही हातयंत्रावर करतात. यंत्र जुन्या घडणीचं, बाजेच्या कडेला स्क्रूच्या शिकंज्यानं आवळायचं, आणि शिकंजा सुटा निघणारा. उस्ताद आत गेले. मग आतून चाचीचा आवाज आला, तो हायवेवरच्या ट्रकांच्या वर ऐकू आला. “गाडी के नीचे? मेरा शिकंजा? ईद कू सेवया तुम्हारी दाढी पे सुखाऊं क्या?” थोड्या वेळानं उस्ताद लुंगीच्या ओच्यात शिकंजा घेऊन आले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, “टूटा तो मेरे कू घर नक्को बुलाना. यहींच सोना पडेगा.”

अव्वानं शिकंजा हातात घेऊन उलटसुलट बघितला. त्याला सुकलेलं पीठ चिकटलेलं होतं. “ह्यो तर सैपाकघरातला हाय,” ती म्हणाली आणि तिनं स्वतःच तो मला दिला.

पिनेचं डोकं वर होतं, म्हणजे तिला खालून वर ढकलायची होती. वरच्या बाजूला भंगारातला नळीचा तुकडा ठेवला, पिन निघेल ती त्या पोकळीत जावी म्हणून. खाली पिनेहून बारीक असा बोल्टाचा तुकडा टेकवला. दोन्ही मिळून शिकंज्याच्या दाढेत धरलं, जोडावर डिझेल सोडलं आणि स्क्रू आवळला. बोल्ट सटकला. पुन्हा लावला. आवळला. पुन्हा सटकला आणि माझ्या कपाळाला लागला. तिसऱ्यांदा मल्लिनाथ खड्ड्याच्या कडेला पालथा झोपला आणि वरून हात घालून त्यानं नळी घट्ट धरली. त्याचे हात विलक्षण मजबूत आहेत. आयुष्यभर अंगाचा भार हातांवरच पेललाय त्यानं.

स्क्रू फिरायचा थांबला. शिकंज्यातून बारीक ‘कुई’ असा आवाज आला. मी आणखी जोर लावणार होतो.

“बस्स,” वरून उस्ताद म्हणाले. “आता सोड तसाच. ताण राहू दे. डिझेल आत जाऊ दे. चाय पिऊ.”

“उस्ताद, दिवस कलला,” मल्लिनाथ कळवळून म्हणाला.

“तू पिनेला घाई करशील तर पिन तुला उशीर करंल. पी चाय.”

आम्ही चहा प्यायलो. त्या चहाची चव मला आठवत नाही. मल्लिनाथ कपात बघत होता. अव्वा त्याच्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “बीएस्सी, ह्याला नोकरी लागल्याचं पत्र आलं, त्या राती हा मला म्हणला, अव्वा, आता तू घरी बसायचं. म्या म्हणलं, घरी बसून करू काय? आजवर ह्याच्या मागं फिरण्याशिवाय म्या दुसरं कायच केलं न्हाई.” मग म्हणाली, “पण बसीन. निघू दे ती पिन.”

कप ठेवून मी खाली उतरलो. जोडावर पुन्हा डिझेल सोडलं. मल्लिनाथनं नळी धरली. स्क्रूच्या मुठीवर नुसता तळहात दाबला, पाव फेरासुद्धा झाला नसेल. ‘टक्’ असा आवाज झाला. मला वाटलं, शिकंजा मोडला. डोळ्यांसमोर चाची उभी राहिली. पण स्क्रू हलका झाला होता.

“आली! आली!” मल्लिनाथ ओरडला. “नळीत आली!”

पुढं स्क्रू लोण्यात फिरावा तसा फिरला. पिन नळीतून मल्लिनाथच्या हातात पडली. काळी पडलेली, एका अंगानं झिजलेली. तिचं एकाच बाजूनं झिजणं मात्र मला खटकलं. पिन सारखी का पडत होती, याचं उत्तर त्यात होतं. मल्लिनाथची क्लचची मूठ दांड्यावर होती आणि तिची तार तिरपी ओढली जात होती. क्लच दाबला की प्रत्येक वेळी दांडा एका बाजूला खेचला जाई आणि तो सगळा भार पिनेच्या एकाच अंगावर येई. कॉलेजात बलाचं विघटन शिकलो होतो, तिरप्या ओढीचे दोन भाग पाडायचे, एक सरळ आणि एक आडवा. शिकवणारे सर फळ्यावर बाण काढायचे. मी खडूनं गॅरेजच्या भिंतीवर तसेच बाण काढून मल्लिनाथला आणि उस्तादांना दाखवले. उस्ताद म्हणाले, “मेरे कू मालूम था तार गलत हाय. कायकू गलत, ते आज कळलं.” त्या सरांचे आभार मानायला मी अजून गेलेलो नाही. या अंकाची एक प्रत त्यांना पाठवीन.

गाडीच्या डिकीत तिच्याबरोबर आलेला पाना होता. “तो तर गाडीचा हाय, त्येची पूजा उद्या,” असं म्हणून अव्वानं परवानगी दिली. त्या पान्यानं मुठीची पट्टी फिरवून तार सरळ रेषेत आणली. माझ्या सुट्या भागांच्या डब्यात नवी पिन आणि नवी बुश, म्हणजे पिनेभोवती बसणारी छोटी नळकांडी, होती. काट्याचं भोक साफ केलं, बुश बसवली, ग्रीस लावलं आणि पिन वरून सोडली. वरूनच सोडायची, म्हणजे खालची कडी तुटली तरी पिन आपल्या वजनानं जागेवर राहते. खाली वायसर, मग दुहेरी तारेची कडी आणि तिची टोकं दोन बाजूंना वाकवून दिली.

“टाका नको ना?” मामांनी विचारलं.

अव्वा इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं.

मल्लिनाथ गाडीत बसला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग दांडा दाबून बाजूला नेला आणि मागं ओढला. मागचा पांढरा दिवा लागला. त्यानं दांडा रिव्हर्समधून काढला, पुन्हा टाकला, पुन्हा काढला. मीही त्याला थांबवलं नाही. उस्तादांनी शिकंजा फडक्यानं पुसला, नीट बघितला आणि आवाज न करता घरात घेऊन गेले.

दसऱ्याला दुपारी शाळेच्या मैदानावर तो रिव्हर्सचा सराव करत होता, असं कळलं. संध्याकाळी सोनं द्यायला आला. सोनं वाटून झाल्यावर मी चादरीवरचा पाना उचलला आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासून दिले. या वेळी अव्वाची हरकत नव्हती.

टेस्टच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. गिऱ्हाईक काही सांगायचं आणि मी रस्त्याकडं बघायचो. फोन करावासा वाटत होता, पण नापास झाला असेल तर त्याला ते आपल्या तोंडानं सांगायला लावायचं कशाला? उस्तादही त्या दिवशी घरात न बसता गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसले होते. विचारलं तर म्हणाले, “हवा खायलोय.” हवा अजिबात नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पांढरी गाडी आली. मामा मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपलेले होते. अव्वा पुढं, मल्लिनाथच्या शेजारी बसली होती. मागचं ‘एल’ निघालेलं होतं. नुसता चिकटपट्टीचा चौकोन उरला होता.

मल्लिनाथनं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. माझ्या गॅरेजचा उतार अरुंद आहे. एका बाजूला टायरांची चळत, दुसऱ्या बाजूला तेलाचा ड्रम. तिथं भलेभले मागं घेताना मला हाक मारतात. मी पुढं झालो, पण माझ्या आधी अव्वा दार उघडून उतरली. पदर खोचला, गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि डिकीवर थापा मारत ओरडू लागली, “ये, ये... अजून ये... हळू...”

मल्लिनाथनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अव्वा, बाजूला सर. दिसतंय मला.”

तिचा हात डिकीवरच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं, उस्तादांकडं बघितलं. मग हात काढून घेतला आणि टायरांच्या चळतीपाशी जाऊन उभी राहिली. पांढरा दिवा लागला. गाडी सरळ रेषेत, ड्रमला न लागता, हळूहळू मागं आली आणि तिच्यासमोरून आत गेली.